वहीतलं किती, लेखातलं किती

फील्डवर्क करून परतलेल्या माणसाकडे सगळं भरपूर असतं. वह्या, ध्वनिमुद्रणं, ती ऐकून उतरवलेली पानं, फोटो, हातानं काढलेले नकाशे, कुणीतरी आपणहून दिलेल्या झेरॉक्स, आणि यातल्या कशातच न मावलेल्या आठवणी. मानवशास्त्राच्या जर्नलला, म्हणजे संशोधन-लेख छापणाऱ्या नियतकालिकाला, मात्र एका लेखात बहुतेक वेळा आठ-नऊ हजारच शब्द हवे असतात, तेही तळटीपा आणि संदर्भसूची धरून. त्यामुळे लिहायला बसलं की आधी सोडायला शिकावं लागतं. काय घ्यायचं, काय ठेवून द्यायचं, कुणाचं बोलणं लेखात आणायचं आणि कुणाचं वहीतच राहू द्यायचं, हे ठरवणं म्हणजेच या कामाचा गाभा असं मला वाटतं. बाकी फॉरमॅट, लॉगिन, फॉर्म हे सगळं सवयीनं जमतं.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या बाबतीत जे घडलं ते मला लिहिताना बरेचदा आठवतं. 1948 साली ते मैसूरजवळच्या एका गावात राहिले. गावाला त्यांनी लिखाणात रामपुरा म्हटलं. पुढे कित्येक वर्षं खपून त्यांनी त्या टिपणांवर संस्कार केले, विषयवार लावली. 1970च्या एप्रिलमध्ये ते स्टॅनफर्डच्या अभ्यासकेंद्रात होते. तिथे कुणीतरी आग लावली आणि त्या तयार टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. सोल टॅक्स या मानवशास्त्रज्ञानं तेव्हा त्यांना सांगितलं की कितीही मेहनती अभ्यासक घेतला तरी त्याच्या टिपणांतला थोडासाच भाग छापून येतो, तर तुम्ही आता केवळ स्मरणावर विसंबून लिहा. श्रीनिवासांनी लिहिलं. 1976 साली ते पुस्तक आलं आणि आजही ते वाचलं जातं.

टॅक्स यांच्या बोलण्यात धीर होता, पण मला त्यातली जबाबदारी जास्त जाणवते. लोकांनी वेळ काढून, विश्वास टाकून जे सांगितलं त्यातलं बहुतेक सगळं कधीच छापलं जाणार नाही. म्हणून जे थोडं छापलं जाईल ते का निवडलं, याचं उत्तर आपल्याकडे असायलाच हवं.

हेच टॅक्स 'करंट अँथ्रोपॉलॉजी'चे संस्थापक. 1959 साली त्यांनी ते जर्नल सुरू केलं. तिथल्या मोठ्या लेखाखाली इतर अभ्यासकांच्या टिप्पण्या छापतात आणि मग लेखकाचं उत्तर. जर्नल म्हणजे आधीपासून चाललेलं एक बोलणं असतं आणि आपण त्यात मधूनच शिरणार असतो, हे त्या मांडणीत उघड दिसतं. इतर जर्नलांतही असंच असतं, फक्त ते संदर्भसूचीत शोधावं लागतं. म्हणून लेख कुठे पाठवू असं कुणी विद्यार्थ्यानं विचारलं की मी त्याला त्याचीच संदर्भसूची उघडायला लावते. तू ज्यांच्याशी सहमत आहेस, ज्यांच्याशी भांडतो आहेस, ते कुठे लिहितात? तिथे गेल्या दोन-तीन वर्षांत काय छापलं गेलं ते वाच. शीर्षकं नव्हे, लेख वाच.

जर्नलांचे स्वभाव वेगवेगळे असतात. 'अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट' 1888 पासून निघतं आणि पुरातत्त्व, शारीर मानवशास्त्र, भाषा, संस्कृती अशा चारही शाखांचे लोक ते वाचतात. तिथे लिहिताना हाडांचा अभ्यास करणाऱ्या वाचकालाही आपला मुद्दा कळला पाहिजे. 'कल्चरल अँथ्रोपॉलॉजी' 1986 मध्ये सुरू झालं. लिखाणाच्या रूपाशी खेळायला तिथे जागा असते, आणि 2014 पासून त्यातलं लिखाण कुणालाही मोफत वाचता येतं. शरच्चंद्र रॉय यांनी 1921 साली रांचीहून 'मॅन इन इंडिया' काढलं, ते भारतीय समाजांवरच्या बारीक नोंदींसाठी वर्षानुवर्षं ओळखलं गेलं. आपला लेख कुठल्या स्वभावाचा आहे ते ओळखून मगच पाठवावा. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा असा नियम आहे, आणि जागा चुकली तर त्यात महिनेच्या महिने जातात. काही दिवसांत छापून देतो म्हणून ईमेलवर स्तुतीचे पूल बांधणारी जर्नलं असतात, त्यांना तर उत्तरही देऊ नये. लेख नीट वाचून त्यावर मत द्यायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच.

आता लेखाबद्दल. पीएच.डी.चं प्रकरण कापून लेख होत नाही, हे सगळे सांगतात आणि ते खरं आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. प्रकरणात आपण किती जाणतो ते परीक्षकांना दाखवायचं असतं. लेखात एकच गोष्ट दाखवायची असते, आणि ती वाचकाला आधी माहीत नसलेली असावी लागते.

एक उदाहरण देते. सरकारी कार्यालयाच्या खिडकीशी लोक आपले कागद कसे मांडतात, हा माझ्या अभ्यासाचा एक भाग होता. रांगेत बसून केलेल्या टिपणांतला हा एक तुकडा:

'बाई प्लॅस्टिकची फाइल उघडतात. झेरॉक्स वर, मूळ कागद खाली. खिडकीशी पोचण्याआधी सगळं काढून परत एकदा लावतात. कारकून तिसरा कागद मागतो. त्या पहिला देतात. तो परत करतो. त्या पुन्हा पहिलाच पुढे करतात. म्हणतात, आधी हा बघा. तो बघतो.'

या तुकड्यावरून मी पहिल्या मसुद्यात जे वाक्य लिहिलं होतं ते असं: 'कागदपत्रं ही राज्यसंस्था आणि नागरिक यांच्यातल्या विषम सत्तासंबंधांची वाहक असतात.' वाक्यात खोटं काही नाही. पण ते लिहायला त्या रांगेत बसायची गरज नव्हती. कागद आणि नोकरशाही यांवर मॅथ्यू हल यांनी इस्लामाबादमध्ये आणि अखिल गुप्ता यांनी उत्तर प्रदेशात काम करून खूप काही मांडलेलं आहे, आणि माझं हे वाक्य त्यांच्याच कामाची फिकट प्रत होतं. 'आधी हा बघा' हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. आणि खरी गोष्ट तर तिथेच होती.

नंतर बाकावर बसलो असताना मी त्यांना विचारलं, तोच कागद आधी का? त्या म्हणाल्या, हा एवढाच माझ्या नावाचा आहे. बाकीचे सगळे कुणाच्या ना कुणाच्या नावावरून माझ्यापर्यंत येतात. आधी मी कोण ते बघा, मग बाकीचं बघा.

या उत्तरानंतर लेखाचा प्रश्नच बदलला. कागद सत्ता गाजवतात का, हा प्रश्न राहिला नाही. कागद कुणाच्या क्रमानं वाचले जातात, असा तो झाला. कारकुनाकडे नियमातला क्रम असतो, खिडकीबाहेरच्या माणसाकडे स्वतःच्या आयुष्याचा. दोन क्रमांची ओढाताण त्या दोन मिनिटांत चालते, आणि कधीकधी, क्षणभर का होईना, बाहेरचा क्रम जिंकतो. हे मला हल आणि गुप्ता यांच्या शेजारी बसून सांगता येण्यासारखं होतं. मग वहीतले कितीतरी चांगले प्रसंग आपोआप बाजूला झाले. दलालांबद्दलचा एक मोठा, रंगतदार भाग होता, तो काढताना जीवावर आलं. पण क्रमाच्या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नव्हता.

सिद्धांत वरून चिकटवू नये म्हणतात, त्याचा अर्थ मला या तुकड्यानं शिकवला. ज्या परिच्छेदातून माणसं काढून टाकली तरी युक्तिवाद जसाच्या तसा उभा राहतो, तो परिच्छेद मी पुन्हा लिहिते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सुरुवातीला एक चटकदार प्रसंग द्यायचा, वाचकाला खिडकीशी नेऊन उभं करायचं, आणि दुसऱ्या पानापासून त्या माणसाचं नावही घ्यायचं नाही, अशी एक रीत आता पडून गेली आहे. मला ती मनापासून खटकते. ज्या बाईंच्या बोलण्यावर लेख उभा आहे त्या शेवटच्या पानापर्यंत लेखात असायला हव्यात, त्यांचं म्हणणं इतर अभ्यासकांच्या म्हणण्याइतकंच गंभीरपणे तपासलं जायला हवं.

आता नावं. आपल्या शाखेत माणसांची आणि गावांची नावं बदलायची पद्धत जुनी आहे. पण नुसतं नाव बदलून माणूस झाकला जातो का? नॅन्सी शेपर-ह्यूज यांनी 1970च्या दशकात पश्चिम आयर्लंडमधल्या एका खेड्यात काम केलं, तिथल्या मानसिक आजारांवर लिहिलं, 1979 साली पुस्तक आलं, त्याला पुरस्कारही मिळाला. गावाचं नाव बदललेलं होतं. तरी गाव ओळखलं गेलं, आणि गावातल्या लोकांनी तर स्वतःला ओळखलंच. 1999 साली त्या पुन्हा तिथे गेल्या तेव्हा गावानं त्यांना निघून जायला सांगितलं. पुढे त्यांनीच लिहिलं की अशी टोपणनावं फार कुणाला फसवत नाहीत आणि वाचवलंच तर बहुधा अभ्यासकालाच वाचवतात.

मी हे मनावर घेतलं आहे. नाव हा ओळखीचा एक धागा झाला, बाकीचे कितीतरी असतात. वय, हुद्दा, घरातली माणसं, एखादी लकब, एखाद्या घटनेचं साल. यातलं काय लेखाला खरोखर लागतं हे प्रत्येक ओळीवर थांबून बघावं लागतं. ऑनलाइन लिहिलेलं कुणाचं वाक्य जसंच्या तसं उद्धृत केलं तर ते सर्च करून कुणीही दोन मिनिटांत त्या माणसापर्यंत पोचतं. अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशननं 2012 साली नीतितत्त्वं नव्यानं मांडली. त्यांत पहिलं आहे, इजा करू नका. संमतीबद्दल तिथे म्हटलं आहे की ती एकदा घेऊन संपत नाही, काम चालू असेपर्यंत चालू राहते. लेख पाठवण्याआधी शक्य असेल तिथे मी ज्यांची वाक्यं वापरली त्यांना ती वाचून दाखवते, लेखात ती कशासाठी आली आहेत तेही सांगते. काही जण हसून बरं म्हणतात. काही जण एखादं वाक्य काढायला सांगतात, आणि ते निघतं. बहुतेक वेळा ते लेखातलं सर्वांत चांगलं वाक्य असतं.

त्या माणसांना झाकून झालं की मग स्वतःला झाकायचं असतं, कारण लेख कुणाचा आहे हे तो तपासणाऱ्या अभ्यासकाला, म्हणजे रिव्ह्यूअरला, कळता कामा नये. हे काम दिसतं किरकोळ, पण डोळ्यांत तेल घालून करावं लागतं. पहिल्या पानावरचं नाव काढलं तरी फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ते तसंच असतं. ट्रॅक चेंजेसमध्ये समासातल्या प्रत्येक टिप्पणीशेजारी असतं. ऋणनिर्देश, अनुदानाचं नाव, 'मी आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे' असली वाक्यं, हे सगळं तात्पुरतं बाजूला करायचं. मानवशास्त्रात याला एक वेगळीच अडचण आहे. आपण कोण म्हणून तिथे गेलो, लोकांनी आपल्याला कुणाच्या जागी धरलं, हा युक्तिवादाचाच भाग असतो. ते काढलं तर लेख लंगडा होतो. म्हणून नाव जातं, पण नातं राहतं. रांगेतल्या लोकांना मी सुरुवातीला कार्यालयातलीच कुणी वाटले होते, हे लेखात आहे. ते नसतं तर त्यांची पहिली उत्तरं अशी सावध का होती हे वाचकाला कळलंच नसतं.

संदर्भसूची सगळ्यात शेवटी, घाईत करण्याची सवय लागते. ती बरी नाही. अमेरिकन असोसिएशनची जर्नलं 2015 पासून संदर्भ देण्याची शिकागोची लेखक-वर्ष पद्धत वापरतात, दुसरीकडे दुसरं काही असतं, आणि ते नियम पाळायला यंत्राची मदत मिळते. पण सूचीत कोण आहे आणि कोण नाही, हे यंत्र सांगत नाही. 2017 साली क्रिस्टन स्मिथ या मानवशास्त्रज्ञ बाईंनी कृष्णवर्णीय स्त्रियांचं लिखाण संदर्भात घ्या असा आग्रह धरणारी मोहीम सुरू केली, तेव्हापासून मी सूची पूर्ण झाल्यावर ती एकदा नुसती नावं म्हणून वाचते. ज्यांच्याविषयी लेख आहे त्या समाजातलं कुणी यात आहे का? इंग्रजीत न लिहिणारं कुणी आहे का? असायलाच हवं असा ठोकळेबाज नियम मी करणार नाही, पण नसेल तर का नाही ते मला सांगता यायला हवं. मानवशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांच्या नावावरच्या, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरल्या क्वाकिउटल लोकांविषयीच्या ग्रंथांवर त्यांचे तिथले सहकारी जॉर्ज हंट यांचंही नाव छापलेलं आहे, ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी. मजकूर गोळा करणारे, लिहून घेणारे हंटच होते. हंट यांच्यासारखी माणसं आजही प्रत्येक फील्डवर्कमध्ये असतात, आणि बहुतेकांचं नाव ऋणनिर्देशाच्या एका ओळीत संपतं.

मग गोषवारा, चार-पाच कीवर्ड्स, संपादकाला छोटं पत्र. पत्रात लेखाची स्तुती नको. लेख काय म्हणतो आणि याच जर्नलच्या वाचकांना तो का लागेल, एवढं पुरे. आणि सबमिट.

कधीकधी संपादकाकडूनच नकार येतो, रिव्ह्यूअरपर्यंत लेख जातच नाही. मन खट्टू होतं, पण तो नकार लवकर येतो हे त्यातलं चांगलं, दुसरीकडे पाठवायला आपण मोकळे होतो. पुढे गेला तर दोन किंवा तीन अनोळखी माणसं तो वाचतात, पदरचा वेळ खर्चून. मीही अधूनमधून हे काम करते, त्यामुळे सांगते, तीस-पस्तीस पानं नीट वाचून, विचार करून, समोरच्याच्या उपयोगी पडेल असं लिहायचं म्हटलं तर सहज दोन-तीन दिवस जातात. त्या श्रमाबद्दल मला आदर आहे. सरळ स्वीकार क्वचितच होतो. चांगली बातमी बहुतेक वेळा 'सुधारून पुन्हा पाठवा' या रूपात येते, आणि ती चांगलीच बातमी आहे हे नव्या लोकांना पटवून सांगावं लागतं.

रिव्ह्यू आले की मी एक तक्ता करते. डावीकडे त्यांचा शेरा त्यांच्याच शब्दांत, मधे मी काय बदललं, उजवीकडे पान क्रमांक. एक म्हणतो सिद्धांत वाढवा, दुसरा म्हणतो प्रसंग वाढवा, आणि शब्दमर्यादा आहे तेवढीच. अशा वेळी संपादकाला सरळ विचारावं. संपादक माणूस असतो, उत्तर देतो. जे पटत नाही ते पटत नाही म्हणून लिहावं, कारणांसकट, सौम्यपणे. सगळं मान्य करून टाकणाऱ्या लेखकापेक्षा विचार करून नाही म्हणणाऱ्या लेखकावर संपादकाचा विश्वास जास्त बसतो, असा माझा अनुभव आहे.

खिडकीवरच्या त्या लेखाला एका रिव्ह्यूअरनं विचारलं होतं की या बाई कुठल्या समाजाच्या, अर्ज नेमका कशाचा, कार्यालय कुठलं? संदर्भाशिवाय प्रसंग अधांतरी वाटतो, असं त्यांचं म्हणणं. वाचक म्हणून ते अगदी रास्त होतं. पण ही तीन उत्तरं एकत्र छापली असती तर त्या कार्यालयातल्या कुणालाही त्या बाई ओळखता आल्या असत्या, आणि त्यांचा अर्ज तेव्हा तिथेच पडून होता. मी संपादकाला तसं लिहिलं. कार्यालयाचा प्रकार आणि त्याच्या कामाची पद्धत यांवर एक परिच्छेद जास्त घातला, बाकी काही सांगितलं नाही. लेख त्यामुळे एका बाजूनं थोडा दुबळा राहिला हे मला माहीत आहे. तो तसाच राहावा असं मला वाटतं. इथेही मी ते सांगितलेलं नाही.

प्रूफं आली की फार थोडा वेळ हातात असतो, आणि त्या वेळात मी नावं आधी तपासते. आधी काढलेला ऋणनिर्देश इथे परत येतो, त्यात भरभरून आभार मानायचा मोह होतो, आणि गावाचं नाव नेमकं तिथून निसटतं. लेख छापून आल्यावर त्याचा दीड-दोन पानांचा सारांश त्या लोकांच्या भाषेत करून त्यांच्यापर्यंत पोचवते. लेख मोफत वाचता येत नसेल तर स्वीकारलेला मसुदा विद्यापीठाच्या संग्रहात ठेवायची परवानगी बरीच जर्नलं देतात, ती वापरावी. बाईंना मी सारांश वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, त्या खिडकीतल्या माणसाचं म्हणणं नाही घेतलं का?

दुसऱ्या रिव्ह्यूअरनंही जवळपास हेच विचारलं होतं. पहिला कागद परत केल्यावर त्यानं दुसऱ्यांदा तो का बघितला? त्या कारकुनाबद्दल माझ्याकडे पुष्कळ आहे, पण मी बाजूला बसून लिहिते एवढ्याला त्यानं हो म्हटलं होतं, स्वतःवर लेख लिहायला नाही. पुढच्या आठवड्यात त्याला भेटायचं ठरलं आहे. तो नको म्हणाला तर तो लेख होणार नाही, आणि हो म्हणाला तर कुठल्या जर्नलकडे जायचं ते नंतर बघता येईल.